काळ्या छत्रीची कॅसेट

रविवारी सकाळी पावणेदहा वाजता बाईंच्या टेपरेकॉर्डरने बाईंची कॅसेट गिळली.

कॅसेट गिळणं म्हणजे काय, हे त्या यंत्राबरोबर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. गाणं चांगलं रंगात आलेलं असतं. अचानक गाणाऱ्याला पेंग आल्यासारखा त्याचा आवाज जड होतो, मग तो विहिरीत उतरतो, मग नुसते बुडबुडे ऐकू येतात आणि शेवटी खट्ट! झाकण उघडून पाहावं तर आत तपकिरी रिबिनीचा असा गुंता, की टोक कुठलं आणि मधलं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

बाईंच्या हातात फडकं होतं. गेली तीन वर्षं दर रविवारी ही कॅसेट लावायची आणि तिच्या ठेक्यावर घर पुसायचं, हा त्यांचा सत्तावीस वर्षांच्या संसारातला एकमेव बेशिस्त कार्यक्रम. त्या फडकं हातात धरूनच खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटं झाली तरी उठेनात, तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं. तो शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं असा त्याचा गैरसमज होता.

"अगं, एवढं काय त्यात? हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं."

हे वाक्य बाईंनी पुढच्या तीन आठवड्यांत सतरा जणांच्या तोंडून ऐकलं. सतराव्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. तो गृहस्थ म्हणे अजून त्यांना पाहून रस्ता बदलतो.

ही कॅसेट मोबाईलवर मिळत नव्हती, कारण जगात ती एकच होती. बाई नऊ वर्षांच्या असताना जहाजावर नोकरीला असलेले त्यांचे मामा एका रॉक बँडची रेकॉर्ड घेऊन आले होते. वेष्टनावर एका काळ्या छत्रीखाली चार केसाळ माणसं दाटीवाटीने उभी. नाव वाकड्यातिकड्या अक्षरांत असल्यामुळे बाईंना आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या दादाला ते वाचताच आलं नाही. दोघांच्या लेखी ती 'काळ्या छत्रीची रेकॉर्ड' झाली ती कायमची. मामा दुसऱ्या दिवशी रेकॉर्डसकट जहाजावर परत जाणार होते. तेव्हा दादाने रेकॉर्ड-प्लेअरसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, खिडक्या लावल्या, घरातल्या सगळ्यांना श्वास जपून घ्यायला सांगितलं आणि बहिणीला बटण दाबायचा हुकूम केला.

पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं ठीक उतरलं. दुसऱ्यापासून दोघांच्या अंगात आलं. दादा मोठमोठ्याने गायला लागला, बाईंनी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बडवायला सुरुवात केली. इंग्रजी शब्द दोघांनाही कळत नव्हते. एका गाण्याचं पालुपद त्यांना 'अंडं दे वेताळा' असं ऐकू आलं आणि दादाने ते तसंच, घशाच्या शिरा ताणून, आठ वेळा म्हटलं. मूळ गाणाऱ्याने काय म्हटलंय याची चौकशी दोघांनीही पुढे कधी केली नाही. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त इंजिनिअर त्याच दुपारी मोबाईलवर तो आल्बम शोधून घेऊन आले होते. बाईंनी दीड मिनिट ऐकला. आवाज लख्ख होता, बाजा सुरेख होता. "पण यात कुणीच नाहीये," असं म्हणून त्यांनी मोबाईल परत केला.

इंजिनिअर दुखावले नाहीत. सल्ला देणारा माणूस सहसा दुखावत नाही. "वहिनी, मग यंत्रच बघू," म्हणत ते चिमटा घेऊन बसले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते. पूल आणि टेपरेकॉर्डर यांत तत्त्वतः फरक नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी त्यांनी यंत्र वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला लावलं, मग तितकाच वेळ उन्हात. मग सगळं उघडलं आणि सगळं बंद केलं. शेवटी टेबलावर दोन स्क्रू उरले.

"हे?" बाईंनी विचारलं.

"कारखान्यात जास्तीचे घालतात," इंजिनिअर म्हणाले आणि घरी निघून गेले.

सोमवारी बाई ते यंत्र, ती कॅसेट आणि ते दोन स्क्रू पिशवीत घालून बाजारामागच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे मेलेल्या रेडिओंचं वसतिगृह होतं. म्हातारा स्वतः एका फळीवर बसलेला, चष्म्यावर आणखी एक भिंग.

"यात चिमटा कुणी घातला?"

"शेजाऱ्यांनी."

"इंजिनिअर आहेत का?"

"हो."

"तरीच," म्हातारा म्हणाला.

निदान असं झालं. रीळ वाचेल, फक्त अंगठ्याएवढा चुरगळलेला तुकडा कापून टाकावा लागेल. पण यंत्रातला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालं होतं. या जातीचा पट्टा हल्ली एकाच माणसाकडे मिळतो आणि तो माणूस दुसऱ्या शहरात. म्हाताऱ्याने फोन नंबर दिला. नवऱ्याने संध्याकाळी मोबाईलवरून पट्टा मागवला, पत्ता बरोबर घातला, दोनदा तपासला. यापुढे आपलं काम संपलं, असं त्याला वाटलं.

पार्सल घेऊन माणूस आला तेव्हा दोघंही कामावर. दाराला चिठ्ठी. बाई शनिवारी पार्सल-कचेरीत गेल्या. तिथे खिडकीमागे एक जाडसर मिशांचा कारकून होता. त्याने चिठ्ठी पाहिली, मागच्या फळ्यांवर शोधाशोध केली आणि हातात एक लहानसं खोकं घेऊन सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला,

"डबडी! डबडी कोण आहे?"

रांगेतल्या चौदा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डबडी हे त्यांचं नाव त्यांच्या दादाने ठेवलं होतं आणि ते घरच्या चार भिंतींतच मरेल अशी त्यांची समजूत होती. खिडकीशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "ते माझं आहे."

"म्हणजे डबडी तुम्ही?"

"हळू बोला."

"ओळखपत्र दाखवा."

बाईंनी दाखवलं. कारकुनाने ते उलटं केलं, सुलटं केलं. "यावर डबडी कुठंय? यावर भलतंच नाव आहे."

"ते माझं खरं नाव आहे. हे लाडाचं."

"कोणाच्या लाडाचं, ते मला कसं कळणार? उद्या आणखी कुणीतरी येईल, म्हणेल मी डबडी." कारकुनाने खोकं परत फळीवर ठेवलं. "डबडी नावाचं ओळखपत्र आणा, नाहीतर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा सरकारी दाखला आणा. दहा दिवसांत. अकराव्या दिवशी माल परत."

नवऱ्याची उलटतपासणी संध्याकाळी झाली. मोबाईलमध्ये पत्ता निवडला की नाव आपोआप येतं, असं त्याने सांगितलं. मग नाव असं कसं आलं? तर बायकोचा नंबर त्याने त्याच नावाने साठवला होता. आपण सत्तावीस वर्षं ज्या माणसाला 'अहो' म्हणतो, त्याच्या खिशात आपण डबडी म्हणून राहतो आहोत, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

"तुझ्या दादानेच सांगितलं होतं लग्नात," नवरा म्हणाला. "मला आवडलं होतं."

बाईंनी विषय दाखल्याकडे वळवला. आणि इथेच खरी अडचण होती. दोन नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला सगळ्या शहरात एकाच कार्यालयात मिळत होता. त्या कार्यालयाच्या हेडक्लार्क स्वतः बाईच होत्या.

तिथे त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. उंची बेताची होती, पण दरारा छताला लागायचा. पूर्वी हा दाखला कोणीही यावं आणि घेऊन जावं असा निघत असे. एकदा एकाच माणसाने चार नावांचे चार दाखले नेल्यावर बाईंनी पंधरा दिवस खपून परिपत्रक क्रमांक सात काढलं. त्यानुसार अर्जदाराने स्वतः रांगेत उभं राहावं. दोन फोटो, दोन्हींत दोन्ही कान दिसले पाहिजेत. आणि साक्षीदार असा हवा, जो अर्जदाराच्या वयाची पंधरा वर्षं व्हायच्या आधीपासून त्याला त्या नावाने हाक मारत होता आणि जो रक्ताचा नातेवाईक आहे. कार्यालयातल्या कुणालाही यातून सूट नाही, हे शेवटचं कलम बाईंनीच घातलं होतं आणि त्याखाली लाल रेघ मारली होती.

मंगळवारी बाई आपल्या खुर्चीवरून उठल्या, बाहेर गेल्या आणि रांगेत बाराव्या उभ्या राहिल्या. खिडकीत कनिष्ठ कारकून होता. वय पन्नास, चौदा वर्षं कनिष्ठच. बाईंचा चेहरा खिडकीत दिसल्याबरोबर तो ताडकन उभा राहिला.

"बसा," बाई म्हणाल्या. "अर्ज तपासा."

त्याने तपासला. कपाळावरचा घाम पुसला. पुन्हा तपासला.

"बाई… कसं सांगू…"

"स्पष्ट सांगा."

"डावा कान दिसत नाही."

बाईंनी फोटो पाहिला. खरंच दिसत नव्हता. या एका कारणासाठी त्यांनी आजवर निदान चारशे माणसं परत पाठवली होती. त्यांतल्या काहींनी काय काय म्हटलं होतं तेही त्यांना आठवलं. कारकून म्हणाला, "मी घेतो चालवून." बाई म्हणाल्या, "चालवून बघा, मग तुमची बदली कुठे होते ते मी बघते." आणि केस मागे घट्ट बांधून त्या फोटोवाल्याकडे गेल्या. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." बाईंनी त्याला सांगितलं, की हसण्याबद्दल परिपत्रकात काही नाही.

कानांचा प्रश्न सुटला. उरला साक्षीदार.

आईवडील राहिले नव्हते. मामा तर कधीच गेले होते. बाईंना डबडी म्हणून हाक मारणारं रक्ताचं माणूस पृथ्वीवर एकच शिल्लक होतं, आणि त्या माणसाशी त्या तीन वर्षं बोलत नव्हत्या. आईवडिलांचं घर रिकामं करताना भांडी, कपाटं, सगळं काही न कुरबुरता वाटलं गेलं. भांडण झालं ते फक्त या कॅसेटवरून. दादा म्हणाला, आवाज माझा आहे. बाई म्हणाल्या, बटण मी दाबलं होतं. मग दादा फोनवर बोलत असताना त्यांनी कॅसेट पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली. त्या दिवसापासून बोलणं वहिनी आणि नवरा यांच्यामार्फत, तेही वाढदिवसापुरतं.

बाईंनी दोन दिवस विचार केला. नवऱ्याने सुचवलं, की पट्ट्याचा नाद सोड, दुसरा मागवू, या वेळी नाव नीट घालू. साधा, सरळ, हिशेबी मार्ग होता. "आणि तो मिशाळ कारकून 'मी जिंकलो' म्हणेल, त्याचं काय?" बाई म्हणाल्या. कारकुनाचं निमित्त होतं, हे नवऱ्याला कळलं. गणिताचा मास्तर असला तरी एवढं त्याला कळत असे.

शुक्रवारी त्यांनी फोन लावला.

"दातांचा दवाखाना," पलीकडून आवाज आला. दादा दातांचा डॉक्टर होता.

"मी बोलतेय."

"दुखतो कुठला? वरचा की खालचा?"

"दादा, मी आहे."

पलीकडे कसलीतरी मशीन गुरगुरत होती, ती बंद झाली. "वरचा की खालचा?" दादाने पुन्हा विचारलं, पण आवाज बदलला होता.

"मला साक्षीदार हवाय," बाई एका दमात म्हणाल्या. "मी डबडी असल्याचा. लेखी."

फोनवर खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नाही, हे बाईंना कळलं. त्यांनी दात आवळून तो पूर्ण होऊ दिला आणि मग सगळी हकिगत सांगितली.

"येतो," दादा म्हणाला. "पण कॅसेट दुरुस्त झाली की आधी मी ऐकणार. बटण मी दाबणार."

"बटण मी दाबणार."

"मग तुला कधी कुणी डबडी म्हटल्याचं मला आठवत नाही."

बाईंनी डोळे मिटले. आयुष्यात त्यांनी फार कमी ठिकाणी माघार घेतली होती. "ठीक आहे. तू दाब."

सोमवारी, म्हणजे नवव्या दिवशी, भाऊबहीण रांगेत एकामागे एक उभे राहिले. दादाचं डोकं आता पार चकाकत होतं आणि पोट त्याच्या थोडं पुढे चालत होतं. खिडकीशी आल्यावर कनिष्ठ कारकुनाने साक्षीदाराला जबानी द्यायला सांगितली. ती लिहून घ्यायची आणि मग अर्जदारासमोर मोठ्याने वाचायची, असा नियम. नियम कुणाचा, ते सांगायला नको.

"'सदर अर्जदार,'" कारकून वाचू लागला, "'ही माझी धाकटी बहीण असून वयाच्या चौथ्या वर्षापासून घरातील यच्चयावत डबे बडवीत असे…'"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"'बडवीत' नको," बाई म्हणाल्या. "'वाजवीत' लिहा."

"बडवीत," दादा म्हणाला.

कारकुनाने दोघांकडे पाहिलं. मग त्याने जे केलं, त्यासाठी त्याला त्याच वर्षी बढती मिळायला हवी होती. "बाई, माफ करा. साक्षीदाराच्या जबानीत अर्जदाराला बदल सुचवता येत नाही. परिपत्रक सात."

"कलम तीन," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे. वाचा पुढे."

"'…वडिलांनी दोनदा डबे माळ्यावर ठेवले, तरी ती शिडी लावून काढीत असे. एकदा पडली. हनुवटीला टाके पडले. दवाखान्यात नेताना तिने डबा सोडला नाही, म्हणून मी तिला डबडी म्हणू लागलो. तिच्याइतकी हट्टी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. सबब दोन्ही नावे तिचीच होत.'"

आता रांगेत कुणी हसलं नाही. बाई हनुवटीवरून बोट फिरवत दुसरीकडेच बघत होत्या. ठक्क करून शिक्का बसला.

पार्सल-कचेरीतल्या मिशाळ कारकुनाने दाखला उजेडात धरून पाहिला, खोकं पुढे सरकवलं आणि आदबीने म्हणाला, "घ्या, डबडीबाई." दादा खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

खोकं घेऊन दोघं तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले. बाईंनी ते विजयी मुद्रेने फळीवर ठेवलं. म्हाताऱ्याने भिंगातून आधी खोक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पट्टा? तो बसवला की मी. गुरुवारीच. एका जुन्या यंत्रात सापडला. फोन करणार होतो, राहून गेलं."

नऊ दिवस, दोन कचेऱ्या, दोन कान आणि भर रांगेत वाचून दाखवलेलं बालपण बाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं. दादा मात्र फळीवर वाकला होता.

"आणि कॅसेट?"

"ती तशीच आहे. कापून ठेवलीय, जोडायची राहिलीय. रीळ फार जुनं. माझा हात हल्ली थरथरतो, धाडस होत नाही." म्हातारा खरं बोलत होता. त्याची बोटं भिंगही नीट धरू शकत नव्हती.

"बाजूला सरका," दादा म्हणाला.

त्याने बाह्या वर केल्या, खिशातून स्वतःचा बारीक चिमटा काढला, दिवा जवळ ओढला आणि सवयीने म्हणाला, "आ करा." कॅसेटचं झाकण बाईंनी धरलं. त्याने दोन टोकं एकमेकांसमोर आणली, केसाएवढीही फट न ठेवता. म्हाताऱ्याने दिलेल्या पट्टीचा नखाएवढा तुकडा वरून चिकटवला. दादाचा हात जराही हलला नाही. बाई मात्र श्वास रोखून होत्या. तीन वर्षांत त्या त्याच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या. त्याच्या कानामागचे केस पांढरे झालेले त्यांना आत्ता दिसले.

कॅसेट आत गेली. दादाने बोट बटणावर ठेवलं, थांबला, आणि बोट काढलं.

"दाब," तो म्हणाला. "तूच दाब. मला नेमका दाब देता येत नाही त्याला."

बाईंनी दाबलं. खरखर झाली, स्टूल करकरलं, आणि त्या मेलेल्या रेडिओंच्या मधून काळ्या छत्रीखालची चारही माणसं धडाधड बाहेर आली. त्यांच्यामागून एक बिस्किटांचा डबा. आणि त्या सगळ्यांच्या वर एका मुलाचा चिरका, आनंदी, बेसूर आवाज.

"हा मी?" दादा म्हणाला. "किती बारीक आवाज होता गं माझा!"

"वर्षभरात फुटला. मग तू गायलाच नाहीस."

दुसरं गाणं आलं. "अंडं दे वेताळा," तो मुलगा ओरडला. पुन्हा ओरडला. तिसऱ्या खेपेला जोडलेली जागा आली. "अंडं… ताळा!" मधला एक सेकंद कायमचा गेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पुढच्या पालुपदाला पंचावन्न वर्षांच्या दंतवैद्याने खुर्चीवरून उठून, घशाच्या शिरा ताणून, तेरा वर्षांच्या मुलाबरोबर वेताळाकडे अंडं मागितलं. बाजारातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. म्हातारा मान डोलवत होता. त्याला वाटलं, इंग्रजीच आहे.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कनिष्ठ कारकून होता. जेवणाची सुट्टी संपून चाळीस मिनिटं झाली होती आणि एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं.

"मोठ्या बाई, सगळं ठीक आहे ना? आवाज कसला येतोय? कुणी ओरडतंय का?"

"माझा भाऊ आहे. माझी रजा टाका."

"कारण काय लिहू?"

"कौटुंबिक."

"बरं. कधीपर्यंतची?"

खट्ट करून पहिली बाजू संपली. दादाने कॅसेट बाहेर काढली, उलटी केली, आत सरकवली आणि बहिणीकडे बघत थांबला. बाईंनी बटणावर बोट ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "दुसरी बाजू संपेपर्यंत."